मनिरामची गाठ

मी यशोदाबाई, मयत मनिराम कापगते यांची विधवा, जात कोहळी, धंदा शेती, वय चौपन्न किंवा पंचावन्न (माझ्या जन्माची नोंद कोणी ठेवली नाही, मुलगी झाली म्हणून बाप तीन दिवस घरी आला नव्हता एवढेच आईने सांगितले), राहणार मौजा हिरडाटोला, गोरेगावजवळ, तालुका गोंदिया, जिल्हा भंडारा, मुंबई राज्य, हे मृत्युपत्र डोके ठिकाणावर असताना करून ठेवते. या जागी "कोणाच्याही दडपणाशिवाय" असे लिहायचे असते म्हणे. ते खोटे होईल. माझे दीर केशोराव यांनी सोमवारी माझ्या दारात उभे राहून, "असं काही लिहिलं ना वहिनी, तर तुले जित्ती गाडीन," असे म्हटले आहे. तेव्हा हे मृत्युपत्र दडपणाखाली आणि त्या दडपणाला न जुमानता केलेले आहे.

लिहून घेणारे जागेश्वर मास्तर, आमच्या गावच्या शाळेचे. मला सही येते, थोडे वाचताही येते, पण खोकला आला की रक्त पडते आणि कागद खराब होतो. मी सांगीन ते मास्तरांनी तसेच उतरवायचे, सुधारायचे नाही, असे आमचे ठरले आहे. दोनदा त्यांनी सुधारले. दोन्ही वेळा मी वाचायला लावले आणि पुन्हा लिहवून घेतले.

घर, शेत, भांडी यांचे काय करायचे ते पुढे सांगतेच. पण त्यासाठी मी मास्तरांना तीन दिवस ओसरीवर बसवून ठेवलेले नाही. माझ्या जिवाला घोर एकच आहे. येत्या शनिवारी पोळा आहे. तलाव काठोकाठ भरलेला आहे. त्या दिवशी या गावातली दीडशेच्या वर जनावरे दुहेरी गाठीने खुंट्याला आवळली जातील. ही गाठ माझ्या खोट्या बोलण्यामुळे गावात आली. मी मरायच्या आत ती गेली पाहिजे.

कलम पहिले. घर.

माझे राहते घर, मागची बाडी आणि जनावरांचा कोठा मी शेजारीण रुख्मा हिला देते. ती माझ्या जातीची नाही, नात्याची नाही. नवऱ्याच्या मागे बायकोच्या नावावर आलेले तिचेच असते, ती ते कोणालाही देऊ शकते, असा दोन वर्षांपूर्वी नवा कायदा झाल्याचे मास्तरांनी मला वाचून दाखवले आहे. त्यामुळे घर कापगत्यांचे की यशोदाबाईचे, हा वाद माझ्या चितेजवळ कोणी काढू नये.

रुख्माला का, ते सांगते. गेल्या चैत्रात भर दुपारी तिच्या चुलीतली ठिणगी वाऱ्याने छपरावर गेली. आत गाय होती, दोन शेळ्या होत्या. रुख्मा आत धावली आणि गाईच्या गाठीला भिडली. दुहेरी गाठ, वर केशोरावांनी स्वतः ओढून पाहिलेली. गाय हिसके देत होती, तशी गाठ आणखी घट्ट होत होती. दावे मानेचे कातडे फाडून मांसात गेले. शेळ्या आधी पेटल्या. मी विळा घेऊन पोचले तेव्हा छपराचा वासा खाली आला होता आणि रुख्मा अजून गाठीशीच होती. मी तिला केस धरून बाहेर ओढले. तिच्या उजव्या हाताची चार बोटे एकमेकांना चिकटून बरी झाली आहेत. तिला तांदूळ निवडता येत नाहीत.

गाय मरेपर्यंत आम्ही दोघी बाहेर उभ्या होतो. फार वेळ लागला. नंतर केशोराव आले, राखेत काठी घालून खुंटा पाहिला आणि चार माणसांसमोर म्हणाले, "गाय गेली, पण दादाची गाठ नाही सुटली पाहा!" त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी हातातला विळा त्यांच्यावर फेकला. तो त्यांच्या कानाला लागून गेला. अर्धा कान तुटला, तो असा तुटला. शिंग लागले असे ते बाहेरगावी सांगतात, ते खरे नाही.

कलम दुसरे. जनावरे आणि त्यांची तयारी.

आज माझ्याकडे लाखा आणि पवळ्या हे दोन बैल, भुरी म्हैस व तिची वगार, शेरू कुत्रा, काजळी मांजर आणि एक पोपट आहे. बैल, म्हैस व वगार घरासोबत रुख्माकडे जातील. पोपटही. त्यांना मी सहा वर्षांत जे शिकवले ते गाव वेड म्हणून हसण्यावारी नेते. ते येथे लिहून ठेवते, कारण मी मेल्यावर विचारायचे तर कोणाला?

दाव्याची गाठ अशी मारावी की दाव्याचे सुटे टोक ओढले की एका हिसक्यात सुटेल. लहान पोराला, भाजलेल्या हाताला, अंधारात आंधळ्याला सुटली पाहिजे. रुख्मा ती दाताने सोडते. नवीन दावे कधीही कोरडे वापरू नये. आधी भिजवून, ताणून, उन्हात टाकून त्याचा ताठा मरू द्यावा, मगच जनावराच्या गळ्यात घालावे. अंबाडीचे नवे दावे पाण्याने फुगते आणि मग ती गाठ देवालाही सुटत नाही. कोठ्याच्या आडव्या वाशाला कायम एक धारेचा विळा खोचलेला असावा. त्या विळ्याने गवत कापू नये, भाजी चिरू नये, कोणाला उसना देऊ नये.

साखळी कोणालाच नको. कुत्र्याला तर नकोच. पोपटाच्या पिंजऱ्याच्या दाराला तार गुंडाळू नये, नुसती कडी असावी. मांजरासाठी झाकणाचे टोपले वळचणीला ठेवले आहे. तिला त्यात अधूनमधून मासळी टाकावी म्हणजे ती आपणहून आत जाते. उचलून कोंबायला गेलात तर ती डोळे काढील, आणि तिचे बरोबर असेल.

दर अमावास्येला आणि पुनवेला दिवसाउजेडी काशाची थाळी वाजवावी आणि सगळ्यांना एकदम सोडावे. आधी म्हैस, मग वगार, मग बैल. टेकडीवर मोहाच्या झाडाखाली ढेप आणि मीठ आधीच नेऊन ठेवलेले असावे. पहिल्या वर्षी मला त्यांना काठीने न्यावे लागले. आता थाळी ऐकली की लाखा माझ्या पुढे पळतो. गावातली माणसे म्हणतात, "यशोदा ढोराईची शाळा भरवून राहिली." भरवते. मास्तरांच्या शाळेपेक्षा माझ्या शाळेत हजेरी चांगली असते. हे वाक्य मास्तर लिहीत नव्हते.

एक पोते कोंडा, दोन जादा दावी आणि हळदीची पुडी माळ्यावर कायम असावी. वरचेवर पाहावे, उंदीर खातात.

येथे लिहिणे थांबले होते. नोंद मास्तरांच्या शब्दांत अशी: "बाई वरील मजकूर सांगत असता केशोराव ओसरीवर आले. त्यांनी लिहिलेले पहिले दोन कागद माझ्या हातातून ओढून फाडले. बाईंनी अडवले असता त्यांनी बाईंना भिंतीवर ढकलले. बाईंच्या कपाळाला खोक पडली. शेरू कुत्र्याने केशोरावांची पोटरी धरली व ती सोडेना. शेवटी बाईंनीच त्याला सोडवले. केशोराव रक्ताळलेल्या पायाने निघून गेले. वरील मजकूर पुन्हा लिहिला आहे." मी मास्तरांना पाणी दिले. आता पुढचे.

कलम तिसरे. गाठ कशी आली.

आम्ही कोहळी. तलाव बांधणे हा आमचा धर्म. हिरडाटोल्याचा तलाव माझ्या नवऱ्याच्या पणज्याने बांधला. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, कोणी कापगत्याच्या घरचे माणूस चालले की लोक चप्पल काढून बाजूला होत. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेला, पण पाळीची राखण मनिरामांकडेच राहिली. (नवऱ्याचे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा घेत आहे. कायद्याच्या कागदात घ्यावे लागते.) मनिरामांना माझ्यापेक्षा पाळ प्यारी होती. मला त्यांनी लग्नाच्या सव्विसाव्या दिवशी पहिल्यांदा मारले, कारण मी पाळीवर धुणे वाळत घातले होते.

सन एकोणीसशे बावन्न. पोळ्याच्या आधी तीन दिवस पाऊस लागून होता. जादा पाणी ज्या वाटेने उतरते, जिला आम्ही सलंग म्हणतो, ती कमरेइतकी वाहत होती. पोळ्याच्या सकाळी मी पाळीच्या पायथ्याला शेण टाकायला गेले. चिंचेच्या मुळाशी पाणी झिरपत होते. पाळ झिरपते, त्यात नवल नाही. पण झिरपलेले पाणी निवळ असते. हे गढूळ होते. गढूळ म्हणजे पाण्यासोबत पाळीच्या पोटातली माती बाहेर येत आहे. हे आमच्या घरच्या पाळण्यातल्या पोरालाही कळते.

मी घरी येऊन सांगितले. "पाणी गढूळ आहे जी. ढोरं टेकडीवर नेऊ."

मनिराम बैलाच्या शिंगांना बेगड लावत होते. "तुले काय समजते?"

"मले गढूळ अन् निवळ समजते."

"कोहळ्याच्या घरची ढोरं टेकडीवर गेली तर गाव काय म्हणन? कापगत्यालेच आपल्या पाळीचा भरोसा नाही म्हणन. आज पोळा आहे. सारं गाव मायाकडं पाहून राहिलं."

हे मी मुद्दाम लिहवून घेते. त्यांना पाणी गढूळ नाही असे वाटले नव्हते. ते उठून बघायलाही गेले नाहीत. बघायला जाणे म्हणजेच शंका घेणे. ही चूक दुसऱ्या कोणत्या जातीचा माणूस करणार नाही. दुसरा माणूस भिऊन पळाला असता आणि वाचला असता.

पाऊस असल्याने, ज्याखाली गावचे बैल जमतात ते पोळ्याचे तोरण लवकर तुटले. बैल भिजत घरी आले. मग मनिरामांनी गावाला बोलावून, सगळ्यांच्या देखत, आमची बारा जनावरे नव्या अंबाडीच्या दाव्याने खुंट्याला बांधली. एक गाठ, तिच्यावर दुसरी गाठ. म्हणाले, "पाहा रे, माया पाळीवर माया भरोसा." ते पाहून बाकीच्यांनीही घरी जाऊन तसेच बांधले. मग माणसे उंचावरच्या टोलीत, म्हणजे वाडीत, बोजारा ही पोळ्याची बक्षिसी मागायला आणि ओवाळायला गेली. म्हणून माणसे वाचली.

दिवस मावळायला दोन तास असतील. मी कोठ्यात गेले आणि गाठी सोडू लागले. फुगलेल्या दाव्यात नख शिरत नव्हते. माझी दोन नखे उलटली. मनिराम मागून आले. त्यांनी बैल हाकायच्या काठीने माझ्या तोंडावर मारले. दोन दात पडले, ते मी गिळले. मी पडले तिथे कुऱ्हाड होती. ती उचलून भुरीच्या आईचे दावे तोडले. ती म्हैस आधी सोडवली, कारण ती दाराजवळ होती.

तेवढ्यात आवाज आला. फुटलेल्या पाळीचा आवाज मोठा नसतो. आधी एक धप्प असे होते आणि मग बराच वेळ काही नाही. तो आवाज त्यांनीही ऐकला. मी त्यांचा चेहरा पाहिला. तरी ते दारात आडवे उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

"हटा जी. पाळ गेली."

"नाही गेली."

"ढोरं मरतीन!"

"माया पाळीनं कोणी मरत नाही. आधी मले काट, मग सोड."

मी त्यांना कुऱ्हाड मारली. धार नव्हे, मागचा तुंबा. डाव्या कानाच्या वर. हाड मोडल्याचे माझ्या हाताला कळले. ते उंबऱ्यावर पडले. मोकळी झालेली म्हैस दाराकडे धावली आणि त्यांच्या छातीवरून गेली. मी थांबले नाही. मी मागे वळून दुसरे दावे तोडले, तिसरे तोडले. चौथ्याला पाणी आले.

पाण्यात मी जे पाहिले ते सांगते, कारण गाठ आवळणाऱ्यांना ते कोणी सांगितलेले नाही. बांधलेला बैल बुडत नाही. तो आधी पोहतो. पाणी चढते तसा तो वर येतो आणि दाव्याच्या टोकाशी थांबतो. मग तो गळफास बसून मरतो, नाक पाण्याच्या वर असताना. आमची बैलजोडी अशी मेली. शिंगांना बेगड, अंगावर झूल, जीभ बाहेर. गाय आणि तिचे चार दिवसांचे वासरू भिंतीखाली गेले. कुत्रा साखळीला होता. तो साखळी चावत होता, मला ऐकू येत होते. पोपटाचा पिंजरा आढ्याला होता, त्याच्या दाराला मीच तार गुंडाळली होती, मांजर खाईल म्हणून. मी नंतर सोडवलेल्या दुसऱ्या म्हशीच्या शिंगाला धरून बाहेर आले.

टेकडीवर केशोराव चिखलाने माखलेले आले. त्यांनी विचारले, "दादा कोठी आहे?"

मी म्हणाले, "पाळीवर गेले. मातीची टोपली घेऊन."

बस. एवढेच खोटे मी बोलले. फाशी होईल म्हणून बोलले, दुसरे काही कारण नव्हते. तिसऱ्या दिवशी प्रेत धानाच्या बांधीत सापडले. डोके फुटलेले होते, लोक म्हणाले गोटा लागला. गावातली एकसष्ट जनावरे मेली. ती ओढून एका खड्ड्यात टाकली तेव्हा कित्येकांच्या गळ्यात गाठ तशीच होती.

दोन वर्षांनी तलाव पुन्हा बांधला. मनिराम पाळ वाचवताना गेला म्हणून पाळीवर त्याच्या नावाचा मोठा गोटा बसवला, शेंदूर लावला. मग कोणी तरी म्हणाले, मनिरामने शेवटच्या दिवशी दुहेरी गाठ मारून पाळीवर भरोसा दाखवला होता, आपणही दाखवू. तेव्हापासून पोळ्याला प्रत्येक घरी मनिरामची गाठ मारतात आणि केशोराव घरोघर फिरून ती ओढून बघतात. आता ती बारा महिने मारतात. ज्या गाठीने एकसष्ट जनावरे मारली ती गाठ देवाची झाली. मी चार वर्षे पाहत होते. रुख्माची गाय जळेपर्यंत माझे तोंड उघडले नाही, याची मला लाज आहे.

मास्तर म्हणतात, "बाई, हे लिहिलं तर फौजदार येईल." येऊ द्या. कुऱ्हाड कोठ्यात आहे, कपाळाची खोक ताजी आहे, खोकला जुना आहे. त्याला यायला उशीर झाला तर माझा इलाज नाही.

कुऱ्हाड मारल्याचे मला वाईट वाटते का? मास्तरांनी हे हळूच विचारले, म्हणून उत्तर देते. वाटते. रोज वाटते. मी पहिल्या आवाजाची वाट न बघता सकाळीच मारली असती तर बाराच्या बारा जनावरे वाचली असती, आणि कदाचित नुसता हात मोडून भागले असते. त्यांनी मला मारले तरी बाजारातून येताना माझ्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू आणायला ते कधी विसरले नाहीत. तेही लिहा.

कलम चौथे. शेत.

तलावाखालचे तीन एकर धानाचे शेत माझी जाऊ कुंदाबाई, केशोरावांची बायको, हिला देते. तिने मला सहा वर्षे नवऱ्याच्या चोरून ताक दिले. अट एक: तिच्या घरच्या कोठ्यात एकही दुहेरी गाठ दिसता कामा नये. दिसली तर शेत रुख्माचे. पाहायला रुख्मा केव्हाही जाईल, न सांगता जाईल.

कलम पाचवे. किरकोळ.

काजळी मांजर जागेश्वर मास्तरांना. शाळेच्या हजेरीपटाचे कोपरे उंदरांनी खाल्ले आहेत हे मी पाहिले आहे. टोपले सोबत न्यावे.

शेरू कुत्रा गावचे कोतवाल दुधराम यांना. तो त्यांना दोनदा चावला आहे आणि दोन्ही वेळा ते त्याला साखळी घाला असे सांगायला आले होते. आता तो त्यांच्याच दारात मोकळा राहील. तो वाईट नाही. दुधरामांनी हात मागे बांधून चालायची सवय सोडावी, त्याला वाटते मागे काठी आहे.

काशाची थाळी रुख्माला. डाव्या हाताने वाजवावी.

कुऱ्हाड केशोरावांना. ती मी धुतली आहे. त्यांच्या भावाचे शेवटचे जे काही आहे ते हेच आहे.

कलम सहावे. गोटा.

पाळीवरचा मनिरामचा गोटा उपटून आखरावर आणावा, जिथे गावची जनावरे उभी राहतात. पाथरवटाकडून त्याला वरून खोल करून घ्यावा आणि त्यात जनावरांना पाणी भरावे. शेंदूर आधी नीट खरवडून काढावा, तो पोटात गेला तर जनावर मरते.

कलम सातवे. वाचन.

मास्तर म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. ते शहाण्या माणसांचे. गावातली ढोरे माझ्या मरणाची वाट पाहून बांधत नाहीत, ती शनिवारी बांधणार आहेत. म्हणून हे मृत्युपत्र शनिवारी तोरणाखाली, तोरण तुटायच्या आधी, सगळ्या बैलांसमोर आणि त्यांच्या मालकांसमोर मास्तरांनी मोठ्याने वाचावे. मी जिवंत असेन तर तिथे उभी असेन. ज्याला गोटा मारायचा असेल त्याने मारावा. पण त्याने आधी घरी जाऊन गाठ सोडावी, मग परत येऊन मारावा. मी जागची हलणार नाही.

मी मेलेली असेन तर माझे प्रेत कोठ्याच्या बाजूने न्यावे आणि त्या वेळी जनावरे मोकळी असावीत.

वरील सर्व मजकूर मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचताना ते कलम तिसऱ्यात थांबले, तेव्हा उरलेले मी स्वतः अक्षर लावून वाचले. बरोबर आहे. यात एक शब्दही कमी करू नये.

मुक्काम हिरडाटोला, बुधवार, तारीख दहा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठावन्न.

सही: यशोदाबाई मनिराम कापगते

लिहिणार: जागेश्वर मास्तर

साक्षीदार पहिला: दुधराम, कोतवाल. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कुत्र्याबद्दल माझी हरकत आहे, पण सही करतो.

साक्षीदार दुसरा: (ही जागा बुधवारी मोकळी राहिली. गावात कोणी सही करीना. गुरुवारी सकाळी पुढील मजकूर साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिला, त्यात मी काही बदल केलेला नाही. जागेश्वर मास्तर.)

मी केशोराव कापगते लिहून देतो का सारे कागद मी वाचले. वहिनीनं ही सही आपलीच आहे असं माझ्यासमोर सांगितलं. पाळ फुटली तेव्हा मी सलंगाजवळ उभा होतो. पाळीवर मायाशिवाय कोणी नव्हतं. दादा आला नव्हता. वहिनी खोटं बोलून राहिली हे मले टेकडीवर त्याच घडीले समजलं. दादाचं डोकं मी धुतलं, ते गोट्यानं फुटलेलं नव्हतं. पण दादा पाळीवर मेला म्हटलं का मग पाळीकडं कोणी बोट दाखवत नाही, म्हणून मी गप राहिलो आणि गोटा बसवला. सकाळचं गढूळ पाणी मीही पाहिलं होतं. मीही कोणाले सांगितलं नाही. वहिनीनं एक माणूस मारला, मी एकसष्ट ढोरं मारली, आणि रुख्माची तीन वेगळी. आज पहाटे उठून मी मायाच कोठ्यातल्या गाठी सोडाले गेलो. एकही सुटली नाही. साऱ्या कापल्या. दावी कापली तरी बैल जागचे हलून नाही राहिले. वहिनी, त्याहिले टेकडी दाखवाले तुम्ही या.

सही: केशोराव कापगते